इंझोरीची ओळ

वैशाखात वऱ्हाडात जाणारा माणूस एक तर तिकडचा जावई तरी असतो, नाही तर त्याच्या डोक्यावर परिणाम तरी झालेला असतो, असं आमचे फोरमनसाहेब रजेच्या अर्जावर सही करताना म्हणाले. माझी सासुरवाडी साताऱ्याकडची. तेव्हा उरलेलं कारण खरं असावं. मी एका तबकडीपायी चाललो होतो.

उत्तम मेडशीकर आणि पार्टी ही भीमगीतं गाणारी मंडळी. मी कारखान्यात उमेदवारी करत होतो तेव्हापासून ती जयंतीला पुण्यात आमच्या वस्तीत येत. आमची वस्ती पर्वतीच्या पायथ्याशी. पुढे मी टर्नर झालो, लग्न झालं, केस पांढरे व्हायला लागले, पण मेडशीकर येणार असले की मी मांडवात पहिल्या रांगेत. त्यांचं एक गाणं होतं आणि ते गाणं पुरतं त्यांचं नव्हतंच. मेडशीकर पेटीवर बसून विचारायचे:

'कोण आलं हो, कोण आलं, उजेड घेऊन कोण आलं?'

आणि थांबायचे. कानामागे हात धरायचे. उत्तर आम्ही द्यायचं: 'पर्वतीच्या दारी आलं, आपुल्या घरी आलं!' ज्या गावात गाणं, त्या गावाचं नाव. उत्तर हळू आलं तर ते म्हणायचे, "पुन्याचं पानी पातळ दिसून राह्यलं," आणि पुन्हा विचारायचे. मनासारखा आवाज उठेपर्यंत गाणं पुढे सरकत नसे. आणि त्या थांबलेल्या वेळात मागे त्यांच्या साथीदाराची, पुंडलिकची, खंजिरी चालू असायची. काही करामत नाही, नुसता साधा ठेका. लेथवर जॉब चढवण्याआधी मशीन रिकामं फिरतं, तेव्हाच्या आवाजावरून आम्हाला मशीनची तब्येत कळते. पुंडलिकची खंजिरी मी तशी ऐकायचो. तो होता म्हणून मेडशीकरांना थांबता येत होतं.

गेल्या वर्षी त्यांची तबकडी निघाली. चार गाण्यांची, लहान, मुंबईत भरलेली. वेष्टनावर मेडशीकर एकटेच, अंगात कोट. 'आणि पार्टी' हे शब्द कुठंच नव्हते. मी घरी आणून हात धुऊन लावली. पहिलंच गाणं ते. मागे ऑर्गन, अकॉर्डियन, बोंगो आणि लग्नातल्या करवल्यांसारख्या गाणाऱ्या बायका. मेडशीकरांनी प्रश्न विचारला आणि मी तोंड उघडेपर्यंत त्या बायकांनी उत्तर देऊन टाकलं: 'साऱ्या जगाच्या दारी आलं, घरोघरी आलं!' पुढचं कडवं सुरूसुद्धा झालं.

मी चिडलो. जग म्हणजे कोण? जगाला दार असतं का? आमची बायको सुशीला म्हणाली, "तुम्हाला उगाच खोड काढायची सवय. शब्द तरी नीट कळले आज. मांडवात नुसता गोंगाट असतो." हे खरं होतं, म्हणून मी आणखी चिडलो.

पण खोटं कशाला सांगू, दुसऱ्या बाजूला एक गाणं होतं, रस्त्यावर गिट्टी फोडणाऱ्या बायांचं. नुसती पेटी आणि आवाज. तसं गाणं मेडशीकरांनी मांडवात कधी म्हटलं नव्हतं, म्हणता आलंही नसतं, इतकं ते हळू होतं. ते मी रोज लावत होतो आणि पहिल्या बाजूबद्दल रोज कुरकुरत होतो. शेवटी सुशीला म्हणाली, "हे मला ऐकवण्यापेक्षा त्यांना जाऊन ऐकवा. रजा पडून आहे."

या वर्षी जयंतीला मंडळी पुण्यात आली नव्हती, आणि जायला निमित्तही होतं. पुंडलिक वाशीमकडल्या इंझोरी गावचा. बुद्धपौर्णिमेला पार्टी दरवर्षी इंझोरीत गाते, आणि पुण्यात मांडव सोडताना तो दरवर्षी सगळ्यांना म्हणायचा, "पुनवेले आमच्या इंझोरीले या." कोणी कधी गेलं नव्हतं. मी पिशवी भरली. तबकडी बरोबर का घेतली ते आता नीट सांगता येत नाही. बहुधा भांडताना हाताशी असावी म्हणून.

वाशीम

पूर्णेला गाडी बदलून वाशीमला उतरलो तेव्हा सकाळच होती, पण ऊन दुपारचं होतं. फलाटावरचा नळ सोडला तर तापलेलं पाणी आलं. टांगेवाल्याने मोटार स्टँडवर सोडलं आणि भाडं घेण्याआधी मी कोणाचा पाहुणा, लग्न कोणाचं, हे विचारून घेतलं. पुण्यात पत्ता विचारला तर हात दाखवून माणूस चालू लागतो. इथे आधी तुमचा पत्ता घेतात. लग्न नाही, मेडशीकरांना भेटायला आलो, असं सांगितल्यावर त्याने मला पुन्हा एकदा नीट पाहिलं.

स्टँडसमोर आलूबोंडे खाल्ले. आमचा बटाटावडा चटणीच्या आधाराने जगतो, हा आलूबोंडा मीठ लावलेल्या मिरचीच्या जिवावर. दुसऱ्या मिरचीला माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी शेजारच्या सायकल दुकानातून मेडशीकरांचा आवाज आला. माझीच तबकडी. पहिलीच बाजू.

दुकानदार चाकाला आऱ्या घालत होता. म्हणाला, "आमचे मेडशीकर हायेत. मुंबईले जाऊन गायले."

"तुम्हाला आवडली?" मी विचारलं.

"आवडली म्हंजे? पह्यले यायले ऐकाचं तं रातभर मांडवात बसा लागे. सकाळी दुकान कोन उघडन? आता पंक्चर काढता काढता ऐकतो. दिवसातून धा डाव लावतो." आणि उत्तराच्या ओळीला तो बायकांबरोबर गुणगुणलासुद्धा, 'साऱ्या जगाच्या दारी'. मी तबकडीशी भांडायला एवढ्या लांब आलो होतो, आणि भेटलेला पहिलाच माणूस तिच्यावर खूश होता.

मेडशीच्या एसटीत ड्रायव्हरने पिशवी इंजिनाच्या बॉनेटवर ठेवायला सांगितली. बॉनेटवर हात टेकून पाहिला आणि पिशवी छातीशी धरून बसलो. शेजारच्या बाईने बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "काय हाये बाप्पा, अंडे हायेत काय?" तबकडी आहे म्हटल्यावर तिने पदराने माझ्या पिशवीवर सावली धरली. मेडशी येईपर्यंत ती तशी बसून होती. हे आमच्या पीएमटीत झालं नसतं.

मेडशी

रस्त्याच्या कडेच्या शेतांत पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीचे, वाळके खुंट तेवढे उभे होते. लांब टेकड्यांवर सागाची नागडी झाडं. गावात पोचलो तेव्हा रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. बौद्धवाड्यात एका निंबाखाली बाजेवर बसून मेडशीकर पेटीच्या भात्याला चिंधी चिकटवत होते. अंगात बंडी. वेष्टनावरचा कोट आठवून मला हसू आलं. माणूस पार वाळला होता.

"जयभीम दादा, पुण्याहून आलो. पर्वती."

त्यांनी मान वर केली. "पह्यल्या रांगेतले. सगयात आंधी वरडनारे."

मी खांद्यावरचा पंचा काढून तोंड पुसलं. इतक्या वर्षांत त्यांच्याशी माझं एक वाक्यही बोलणं झालं नव्हतं, आणि ते मला ओळखत होते. मला फार बरं वाटलं.

त्यांच्या घरच्या, कौतिकाबाई, यांनी ज्वारीची भाकर, कांद्याचं चून आणि कैरीचा तक्कू वाढला. चून म्हणजे आपलं पिठलंच, पण घट्ट आणि तिखटजाळ. कैरीच्या तक्कूत गूळ होता म्हणून मी वाचलो. हात धुतो न धुतो तोच मेडशीकरांनी विचारलं, "तबकडी ऐकली काय?"

गाडीत मी सगळं भाषण जुळवलं होतं. प्रत्यक्षात म्हणालो, "दुसरी बाजू फार आवडली. गिट्टीचं गाणं."

ते हसले. "म्हंजे पह्यली नाई आवडली."

"नाही."

"चाला," कौतिकाबाई आतून म्हणाल्या, "एक तं खरं बोलनारा भेटला."

मग मेडशीकरांनी सांगितलं. मुंबईत काचेची खोली. काचेपलीकडे घड्याळ घेऊन बसलेले तबकडी कंपनीचे साहेब. मेडशीकर प्रश्न विचारून सवयीने थांबले तर साहेब आत आले. म्हणाले, मधेच काय थांबता, तीन मिनिटांत गाणं बसवायचं आहे. आणि हा मागे खंजिरीवाला रिकामाच वाजवतो आहे, त्याला बाहेर बसवा. पुंडलिक बाहेर बाकावर बसला. आत गाणं झालं.

"मी काय म्हनलो? काईच नाई म्हनलो," मेडशीकर म्हणाले. "वाटलं, गाऊन घेऊ, मंग पाहू. परतीच्या गाडीत तो खिडकीतून भायेर पाहून राह्यला अकोल्यापर्यंत. तवापासून इकडे आला नाई. खंजिरी खुंटीले टांगली म्हनतात."

आणि या वर्षी इंझोरीची सुपारीही आली नव्हती. कार्यक्रम ठरवायला गावचा माणूस गवयाच्या हातात सुपारी ठेवतो. ती घेतली की गाणं पक्कं. पौर्णिमा उद्यावर आली होती आणि इंझोरीहून कोणी आलं नव्हतं. निरोप तेवढा कानावर आला होता की गावाने भोंगेवाला ठरवला आहे, तबकडी लावणार आहेत.

"पुंडलिकच्या गावात माह्याऐवजी माही तबकडी," मेडशीकर म्हणाले. मला वाटलं ते हसतील. हसले नाहीत. "इंझोरी गेली म्हंजे पार्टी गेली, पुनेकर. तिथूनच तं सुरू झालती."

मी लगेच म्हणालो की मग उद्या तुम्ही चला. ते म्हणाले, बिनसुपारीचा मी कोणाच्या मांडवात गायलो नाही. कौतिकाबाईंना हे पटत होतं, पण वेगळ्या कारणासाठी. "दमा हाये त्यायले," त्या मला म्हणाल्या. "हिवाळाभर गावोगाव भटकनं, ढोरासारखं खोकत घरी येनं. तबकडी आली तं मानूस घरात झोपाले लागला. तुमाले नाई आवडली, मले लय आवडली."

पण रात्रीतून मेडशीकरांच्या मनाने काही तरी घेतलं. सकाळी ते धुतलेलं धोतर नेसून तयार. "तुमाले इंझोरी दाखवतो. पाव्हने म्हनून जाऊ. गान्याची गोष्ट काढाची नाई." कौतिकाबाईंनी दोघांच्या खिशात एकेक कांदा घातला. ऊन लागू नये म्हणून इकडे कांदा जवळ बाळगतात. पुण्यात कोणी माझ्या शर्टाच्या खिशात कांदा पाहिला असता तर फोरमनसाहेबांचं म्हणणं खरं ठरलं असतं.

इंझोरी

मंगरूळला एक गाडी, मानोऱ्याला दुसरी. इंझोरीला उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. विहारापुढे मांडव, निळे आणि पंचशील झेंडे, पांढऱ्या लुगड्यांतल्या बाया, आणि एका बाजूला चुलवणावर खिरीचा मोठा गंज. आमच्याकडे पौर्णिमेला खीर वाटीने मिळते. इथे ती फावड्यासारख्या लाकडी उलथण्याने ढवळत होते. ढवळणारा माणूस पाठमोरा होता. पाठीवरूनही मी ओळखलं. पुंडलिक.

मेडशीकर त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले. पुंडलिकने वळून पाहिलं, "जयभीम" म्हटलं आणि पुन्हा ढवळू लागला.

"घट्ट होऊन राह्यली," मेडशीकर म्हणाले.

"होऊ दे."

एवढंच बोलणं झालं. मेडशीकर परत माझ्यापाशी येऊन खुर्चीवर बसले.

मांडवात मात्र वेगळाच गोंधळ चालला होता. कारंज्याहून आलेले भोंगेवाले रशीदभाई डोकं धरून बसले होते. बैलगाडीत सामान आणताना त्यांनी तबकडी ग्रामोफोनच्या पेटीच्या वर ठेवली होती, आणि वैशाखाच्या उन्हाने तिचा द्रोण झाला होता. त्यात वरण वाढता आलं असतं. "पापड हो गया साहब," ते ज्याला त्याला दाखवत होते. "बाकी सगळं चालू हाये. मशीन चालू, बॅटरी चालू. गानंच नाई!"

पंचकमिटीचे देवराव घामाघूम झाले होते. गाव जमत होतं. आसपासच्या वस्त्यांतूनही माणसं येत होती, आणि मांडवात खुर्चीवर साक्षात मेडशीकर बसलेले. देवरावांनी स्वतः त्यांना पाणी आणून दिलं, प्रवास कसा झाला विचारलं, आणि पुढचं वाक्य त्यांना सुचेना. सुपारी दिली नव्हती, मग गा म्हणायचं कोणत्या तोंडाने? मेडशीकरही तांब्या हातात धरून बसले होते. न बोलावता गातो म्हणायचं कसं? सगळ्या मांडवाला कळत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

आणि माझ्या पिशवीत तबकडी होती.

मी सरळ सांगतो, मी पिशवी गुडघ्यामागे सरकवली. आणखी थोडा वेळ असाच गेला की देवराव हात जोडणार, मेडशीकर नाही म्हणू शकणार नाहीत, पेटी कुठून तरी येईल आणि ज्यासाठी मी आलो ते मला मिळेल. मला ते हवं होतं. त्यासाठी मी गाव ताटकळत ठेवायला तयार होतो.

"देवराव," मेडशीकर म्हणाले, "या पाव्हन्यायच्या पिशवीत हाये तबकडी. काढा पुनेकर."

ते हळू आवाजात म्हणाले, "गाव येऊन बसलं हाये. त्याच्यापुढे आपलं रुसनं कायले?"

मी तबकडी काढून दिली. मनातून माझा नुसता संताप झाला होता. रशीदभाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि कपाळाला लावली.

वंदना झाली. चंद्र निंबाच्या वर आला आणि त्याच निंबावर बांधलेला भोंगा वाजू लागला. ऑर्गन, अकॉर्डियन. लोक कौतुकाने ऐकत होते. कित्येकांनी तबकडी ऐकली नव्हती, त्यांना मेडशीकर खुर्चीवर गप्प आणि त्यांचा आवाज झाडावर, याचीच गंमत वाटत होती. मग प्रश्न आला. 'उजेड घेऊन कोण आलं?'

सगळ्या गावाने श्वास भरला आणि एका आवाजात म्हटलं, "इंझोरीच्या—"

पण भोंगा 'साऱ्या जगाच्या' म्हणून 'घरोघरी'पर्यंत पोचलासुद्धा होता. दोन ओळी एकमेकींवर आदळल्या. लोक हसले. दुसऱ्या वेळी त्यांनी घाई केली, तर प्रश्न संपायच्या आतच उत्तर झालं आणि मग बायकांचं उत्तर एकटंच वाजलं. पुढच्या वेळी अर्ध्या लोकांनी नादच सोडला. पुढे बसलेली एक म्हातारी मात्र उठून उभी राहिली आणि झाडावरच्या भोंग्यालाच म्हणाली, "अबे, थांबत काहून नाई तू? आमाले बोलू तं दे!"

"माय, वो नहीं रुकता," रशीदभाई म्हणाले. "मशीन हाये ते."

"मशीन हाये तं बंद कर!"

मांडव हसायला लागला. मी हसलो नाही, कारण मी मेडशीकरांकडे पाहत होतो. ते खुर्चीवरून उठले, रशीदभाईंच्या ग्रामोफोनपाशी गेले आणि वाकून उभे राहिले. भोंग्यातून त्यांचाच आवाज विचारत होता, 'उजेड घेऊन कोण आलं?' त्यांनी पिनेचा हात उचलला. कर्र असा आवाज झाला. तबकडी माझी होती.

एकदम शांत झालं. बिघडलं काय, म्हणून लोक माना उंच करून पाहू लागले. मेडशीकरांनी कानामागे हात धरला.

"इंझोरीच्या दारी आलं, आपुल्या घरी आलं!"

मीही ओरडलो. मी पर्वतीचा, पण त्या वेळी इंझोरी म्हणालो.

"आवाज कमी येऊन राह्यला," मेडशीकर म्हणाले. "खीर खाल्ली नाई काय अजून?" पुन्हा कानामागे हात. पुन्हा गाव. पण मधे जी जागा होती ती नुसती रिकामी होती. लोक ओळ म्हणून थांबले की काहीच ऐकू येत नव्हतं, आणि मेडशीकरांना ते कळत होतं.

तेव्हा चुलवणाकडून ठेका आला. खंजिरी घरी खुंटीवरच होती. पुंडलिकने गंजावर झाकलेली परात उचलून काखेत धरली होती आणि तिच्या पाठीवर बोटं चालवत होता. तोच साधा ठेका. मेडशीकरांनी वळून पाहिलं नाही. त्यांनी पिन खाली ठेवली, कडवं वाजू दिलं, प्रश्नाला पिन उचलली, गाव बोललं, परात वाजत राहिली. दर वेळी कर्र. मी टर्नर माणूस, चरा कसा आवाज करतो ते मला कोणी शिकवायला नको. मी दात आवळून ओळ म्हणत होतो.

शेवटच्या कडव्याला त्यांनी पिन परत ठेवलीच नाही. स्वतः गायले. आणि इथे मला प्रामाणिकपणे लिहिलं पाहिजे की ते चांगलं गायले नाहीत. वरचा सूर लागला नाही, अर्ध्या ओळीत दम गेला, उरलेली ओळ बायांनी पुरी केली. तबकडीतलं कडवं त्याहून कितीतरी सुरेल आहे. पण माझ्या अंगावर काटा आला होता आणि तो परतेपर्यंत गेला नाही.

ते खोकत खाली बसले. देवराव पाण्याला धावले. पुंडलिक परात घेऊन पुढे आला आणि रशीदभाईंना म्हणाला, "दुसरी बाजू लाव. म्या ऐकली नाई अजून."

गिट्टीचं गाणं लागलं. ज्या बाया आत्तापर्यंत ओरडत होत्या त्या गुडघ्यांभोवती हात बांधून बसल्या. कोणी मधे बोललं नाही, बोलायला जागाच नव्हती त्या गाण्यात, आणि नको होती. पुंडलिकने ते उभ्यानेच ऐकलं.

"हे बरं म्हनलं," तो मेडशीकरांना म्हणाला. "याच्यात खंजिरी नसती चालली."

"म्हनून तं नाई घेतली."

"याच्यात नाई घेतली ते ठीक. त्याच्यात काहून नाई घेतली?"

मला वाटलं आता मेडशीकर काचेची खोली सांगतील, साहेब सांगतील, घड्याळ सांगतील.

"चुकलं," ते म्हणाले.

पुंडलिक चुलवणापाशी गेला, वाटी भरून आणली आणि त्यांच्यापुढे धरली. "घट्ट झाली," तो म्हणाला.

"होऊ दे," म्हणत मेडशीकरांनी वाटी घेतली.

जेवणं झाल्यावर देवराव पुढच्या पौर्णिमेची सुपारी घेऊन आले. मेडशीकरांनी हात मागे घेतला. "मले दम नाई राह्यला. त्याच्या हाती द्या. तो बोलवन तं मी येईन." पुंडलिकने सुपारी उलटसुलट करून पाहिली, किडकी आहे का म्हणून, आणि बंडीच्या खिशात टाकली.

परत

दुसऱ्या दिवशी मी कारंज्याच्या गाडीने निघालो. मेडशीकर एक दिवस पुंडलिककडेच राहणार होते. कौतिकाबाई माझ्या नावाने किती बोलल्या असतील, याचा विचार मी मुद्दाम केला नाही. खिशातला कांदा पार सुकला होता.

घरी पोचल्यावर सुशीलाने विचारलं, "मग, सांगितलं का त्यांना?" मी म्हटलं, सांगितलं. तिने तबकडी उजेडात धरून पाहिली आणि कपाळाला हात लावला. "नवी कोरी तबकडी! आणि म्हणे हात धुऊन लावायची."

दुसरी बाजू सुदैवाने ठीक आहे. ती मी अजून लावतो. पहिली बाजू मात्र आता पुरी वाजत नाही. प्रश्नापाशी खोल चरा पडला आहे आणि पिन तिथे अडकते. मेडशीकर विचारत राहतात, 'कोण आलं, कोण आलं, कोण आलं', आणि कोणी उठून पिन उचलेपर्यंत पुढे जात नाहीत. दुसरी आणा, असं सुशीला सुरुवातीला म्हणत होती. दुकानात आहे अजून. मी आणली नाही.

परवा ती भाकरी थापत होती आणि मी पेपर वाचत होतो. पिन अडकली. मी उठायला जरा आळस केला, तर आतून सुशीला ओरडली, "अहो, उचला की, केव्हाचे विचारतायत ते!" मी जाऊन पिन उचलली आणि ती भाकरी थापता थापताच म्हणाली, "पर्वतीच्या दारी आलं, आपुल्या घरी आलं."

मी कानामागे हात धरला. "आवाज कमी येऊन राह्यला," मी म्हणालो.

तिने पुन्हा म्हटलं.